दुरुस्ती: फ्लेविया, चारकोप

इसिडोरला कशात रस नाही तेवढं सांगणं सोपं. क्रिकेट, निवडणुका आणि स्वतःचं लग्न. बाकी जगात जे काही आहे त्या सगळ्यात त्याला रस आहे, आणि ते तो स्वतःपाशी ठेवत नाही, ही आम्हा शेजाऱ्यांची अडचण.

आम्ही पाचवीपासून एका वर्गात. माझं नाव शेवंती, आजीचं नाव पुढं चालवायचं म्हणून ठेवलेलं. वर्गातली पोरं त्या नावाला हसायची. इसिडोर हसला नाही. दुसऱ्या दिवशी तो शेवंतीचं एक फूल घेऊन आला, बाकावर त्याची पाकळी न् पाकळी सोडवली आणि मला म्हणाला, हे एक फूल नाही, ही पुष्कळ फुलं एकत्र बसलीत, तू बघ. मास्तरांनी दोघांना बाहेर उभं केलं. तेव्हापासून मी त्याला ओळखते, आणि इतक्या वर्षांत तो फार काही बदलला नाही. केस गेले, एवढंच.

त्याचं घर अंधेरी पूर्वेला, कोंडिविट्याच्या गावठाणात. कौलं जाऊन पत्रे आले, पण पुढचा ओटा तसाच राहिला. गावठाणाच्या कडेला आमची बिल्डिंग उभी राहिली आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्याच्या ओट्यावर उघडायला लागली. माझे वडील गिरणी सुटल्यावर परळहून इकडं आले ते कायमचेच, तसे आम्ही मूळचे मालवणकडचे. इसिडोरचं घराणं इथलंच. विमानतळ नव्हता तेव्हापासून त्यांची इथं भातशेती होती, घरात मराठी आणि गळ्यात क्रूस. तो हॉस्पिटलांतली मशीनं दुरुस्त करायचा, ईसीजीची आणि तसली. लग्न केलं नाही. आधी वडील आजारी, मग आई आजारी, आणि मग कोणी विचारायचंच बंद झालं.

आई गेल्यावर त्यानं वेबसाइट काढली. नाव, 'इसिडोरचा ओटा'. मला वाटलं होतं, चार दिवसांचं खूळ आहे. पण तो रोज संध्याकाळी ओट्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचा आणि एकेक पान हातानं लिहायचा, म्हणजे अक्षरांच्या मधली ती कंसांची भाषासुद्धा स्वतः टाइप करून. तयार साचा घे की, असं मी म्हटलं तर त्याला राग आला. दुसऱ्याच्या साच्यात माझं डोकं बसत नाही, म्हणाला. ते खरंच होतं. त्या साइटवर चर्चच्या घंटेचा आवाज पावसाळ्यात लांब का जातो यावर एक पान, त्याच्या खाली मिक्सरची मोटर का जळते, त्याच्या खाली यांच्याकडच्या जुन्या लुगड्यांच्या काठांचे रंग. रोझरीच्या मण्यांवर कॉम्प्युटरसारखं दोन आकड्यांत कसं मोजता येईल, हेसुद्धा होतं. ते वाचून फादरनी त्याला रविवारच्या मिस्सानंतर थांबवून घेतलं, मला वाटलं आता झाडतील, तर त्यांना ते शिकायचं होतं. बाटल्यांत ठासून भरतात त्या बॉटल मसाल्याच्या पानाला तर त्यानं नकाशा जोडला होता, कुठला मसाला कुठल्या बंदरातून आला असेल त्याचा. वाचणारे तसे मोजकेच. पण जे यायचे ते तासभर बसायचे, खऱ्या ओट्यावर बसतात तसे.

त्याचा एक नियम होता. चूक झाली की खोडायची नाही. चुकीच्या ओळीवर रेघ मारायची, ओळ तशीच दिसली पाहिजे, आणि खाली लिहायचं, दुरुस्ती, पुढं ज्यानं चूक दाखवली त्याचं नाव आणि गाव. मी म्हटलं, अरे मेल्या, स्वतःच्या चुकांचं प्रदर्शन कोण मांडतं? तो म्हणाला, मशीनचा सुटा भाग बदलला की जुना भाग गिऱ्हाइकाला दाखवावा लागतो, नाहीतर त्याचा विश्वास बसत नाही.

तर या दुरुस्त्यांत एक नाव यायला लागलं. चष्म्याच्या काचांवरच्या पानात त्यानं लिहिलं होतं की मायनस नंबरची काच मधे जाड असते. त्यावर मेल आला, मायनसची काच मधे पातळ असते आणि कडेला जाड, तुम्ही उलटं लिहिलंय, मी रोज हातात धरते. त्यानं रेघ मारली आणि खाली लिहिलं, दुरुस्ती: फ्लेविया, चारकोप. पंधरवड्यात फुग्यांच्या पानावर तिचंच नाव. फुगे म्हणजे यांच्या लग्नाकार्यातले मैद्याचे तळलेले गोळे, आतून पोकळ. इसिडोरनं लिहिलं होतं, चमच्यानं तेलात सोडावेत. तिनं लिहिलं, पीठ मुठीत धरून अंगठ्याच्या बाजूनं पिळून काढायचं, चमच्यानं हॉटेलवाले टाकतात. मग भरती-ओहोटीच्या पानावर तिचं नाव, मग शिलाई मशीनच्या. मी साइट उघडायचे ती आता दुरुस्त्या वाचायलाच.

एक दिवस मी विचारलं, ही बाई कोण? तो एकदम लॅपटॉपच्या चार्जरची वायर सरळ करायला लागला. तेव्हा मला जे कळायचं ते कळलं.

फ्लेविया मूळ गोराईची, खाडीपलीकडची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा क्रिस बोटीवर नोकरीला. ती चारकोपला सेक्टरमधल्या दोन खोल्यांत राहायची आणि तिथंच मार्केटात एका चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायची. मे महिन्यात आमच्या गावठाणातल्या क्रुसाच्या सणाला ती पहिल्यांदा आली. उंच, सावळी, केस आखूड कापलेले, आणि बघणं असं की समोरच्याच्या डोळ्यांत नंबर किती आहे ते मोजत असावी. इसिडोरनं तिला ओटा दाखवला, खरा. ती बसली, भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाली की साइटवर ओटा पूर्वेला तोंड करून आहे असं लिहिलंय, हा तर दक्षिणेला आहे. मी खिडकीतून ऐकत होते. मनात म्हटलं, याची गाडी लागली मार्गाला.

लागलीही. दोघं रविवारी भेटायची. कधी जुहूला, कधी ती इकडं. इसिडोर नवे शर्ट घ्यायला लागला. बाकी काही बोलत नव्हता. पन्नाशी उलटलेल्या माणसानं किती हळू चालावं यालाही काही मर्यादा असते.

आता मध्येच गाण्याचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

साइटवर एक मोठं पान होतं, 'आमच्या गावातलं लग्न'. मांडव कसा घालतात, फुगे कधी तळतात, नवरीचं लुगडं कोण नेसवतं, सगळं होतं. यांच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणतात. बायका वाजतगाजत विहिरीवर, म्हणजे बावीवर जातात, पाणी भरून आणतात आणि त्यानं नवऱ्याला किंवा नवरीला आंघोळ घालतात. पाणी भरताना गाणी म्हणतात. त्या पानावर गाण्याच्या जागी इसिडोरनं फक्त लिहून ठेवलं होतं, इथं गाणं येईल. ती ओळ तिथं वर्षानुवर्षं तशीच पडून होती.

गाणं होतं जेनेव्हिव्हमावशीकडे. इसिडोरच्या आईची धाकटी बहीण आणि त्याची गॉडमदर, दोन घरं सोडून राहणारी, ऐंशी ओलांडलेली. तिच्या आजोळकडून आलेलं एक पाण्याचं गाणं होतं, ते पूर्ण तिला एकटीलाच येत होतं. पण ती ते म्हणून दाखवायची नाही. पाणी भरायला पाऊल उचलल्याशिवाय पाण्याचं गाणं तोंडात घ्यायचं नाही, असा तिच्या घरचा नियम. का, तर गाणं ऐकलं की बावीला कळतं, लग्न आहे. मग लग्न आलं नाही तर ती वाट बघत राहते. इसिडोरनं तिला नाना परीनं समजावलं. बाकीच्या बायका बिनलग्नाच्या गातात, मोबाइलवर टाकतात. ती म्हणायची, त्यांची बाव त्यांना ठावं.

आणि गावठाणात लग्नंच होईनात. पोरं कॅनडाला, नाहीतर वसईच्या रिसॉर्टमध्ये. मागच्या वर्षी तिच्या दिराचा नातू डेल्रॉय याचं लग्न ठरलं, मावशी हौसेनं लुगडं नेसून बसली, इसिडोर रेकॉर्डर घेऊन तयार. पण बावीवर म्युनिसिपालिटीची जाळी, तिची चावी मिळेना. शेवटी पोरांनी वीस लिटरचा पिण्याच्या पाण्याचा जार आणला आणि हंड्यात ओतायला घेतला. बँडवाल्यांनी सुरू केलं. मावशी जारकडे बघत राहिली आणि उठून घरी गेली. जारला काय गाऊन दाखवायचं, म्हणाली. त्यात हिवाळ्यात तिला खोकला झाला तो बरा होता होईना, आणि तिचा आवाज फाटायला लागला. इसिडोर रोज संध्याकाळी तिच्याकडे जाऊन बसायचा. तिला बरं वाटावं म्हणून जायचा, आणि गाणं जातंय म्हणूनही. दोन्ही खरं होतं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी तो जुहूहून परतला तो ओट्यावर न बसता थेट आत गेला. दिवा लावला नाही. मी डाळ गॅसवरून उतरवली आणि खाली गेले.

त्यानं तिला विचारलं होतं. इतक्या महिन्यांनी एकदाचं तोंड उघडलं होतं. पण काय म्हणाला? मला त्यानं ते शब्दाला शब्द सांगितलं, त्याला खोटं बोलता येत नाही. तो म्हणाला होता, फ्लेविया, आपण लग्न करू या, म्हणजे मावशी गाईल.

मी कपाळाला हात लावला.

तिनं हातातली भेळ खाली ठेवली म्हणे. मग शांतपणे विचारलं, "तुला लग्न माझ्याशी करायचंय की गाण्याशी?"

आणि हा गप्प. माणूस आपसूक बोलून जातो ना, तुझ्याशी, तुझ्याशी? हा विचार करायला लागला. तिनं थोडा वेळ वाट बघितली, पर्स उचलली आणि रिक्षा केली.

"का नाही बोललास?" मी म्हटलं.

"मला खरंच माहीत नव्हतं गं," तो म्हणाला. "ती मला आवडते. पण गाणं नसतं तर मी त्या दिवशी विचारलं असतं का, ते मला ठरवता येईना. खोटं कसं सांगू?"

त्याचा रागही येत होता आणि कीवही. जगातल्या प्रत्येक गोष्टीचा मुळापासून विचार करणाऱ्या माणसाची ही शिक्षा असावी. ज्या एका गोष्टीचा विचार न करता बोलायचं असतं तीही तो तपासायला घेतो.

त्यानं मेल पाठवले, उत्तर नाही. फोन केला, तिनं उचलला, मला थोडे दिवस राहू दे म्हणाली आणि ठेवला. साइटवरच्या दुरुस्त्या थांबल्या. मग यानं असं काही केलं की मला हसावं की रडावं कळेना. त्यानं वाचायच्या चष्म्यावर एक नवं पान लिहिलं आणि त्यात मुद्दाम चूक ठेवली. चाळिशीचा चष्मा मायनसचा असतो, असं लिहिलं. तिला राहवणार नाही, ती लिहील, असा हिशोब. नागपूरहून एका डॉक्टरनं दुरुस्ती पाठवली. मुलुंडहून सिद्धेश नावाच्या कोणा विद्यार्थ्यानं पाठवली. चारकोपहून काही आलं नाही. त्याच्या नियमानं त्याला दोघांची नावं खाली लिहावी लागली, आणि ती लिहिताना त्याचा चेहरा मला खिडकीतून बघवेना. मी परकर वाळत घालायचं निमित्त करून आत गेले.

नाताळ आला. ओट्यावर त्यानं चांदणी टांगली, पण सरळ केली नाही. मावशी मला रस्त्यात भेटली तेव्हा विचारलं, त्या चष्मेवाल्या बाईचं काय झालं. मला खोटं सांगता आलं असतं. मी सगळं सांगितलं, जुहूचं, भेळेचं आणि तो गप्प बसल्याचं. मावशी काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली की हे पोर लहानपणापासून असंच आहे, बाप्तिस्म्याला मी धरलेलं तेव्हापण रडलं नाही, फादरच्या हातातल्या पाणी ओतायच्या शिंपल्याकडे बघत राहिलं.

नव्या वर्षाचा पहिला आठवडा सरत आला तेव्हा तिनं आम्हा दोघांना दुपारी बोलावलं. इसिडोरला रेकॉर्डर आणायला सांगितला. त्याला वाटलं, लग्न नाही तर गाणं कुठलं, दुरुस्त करायचा असेल तिचा रेडिओ वगैरे, म्हणून तो पेचकस पण घेऊन आला.

मावशी दारातच उभी होती. जुनं लाल लुगडं नेसलेली, कानांत सोन्याची कर्णफुलं, डोक्यावर पितळेचा छोटा तांब्या. आम्ही बघतच राहिलो. ती चालायला लागली. बाव चर्चमागच्या गल्लीच्या टोकाला. तिथवर जायला तिला खूप वेळ लागला. मध्ये दोनदा थांबली, इसिडोरनं हात पुढं केला तर तिनं काठीनं बाजूला सारला. बावीवर जाळी होती, कुलूप होतं, जाळीवर कोणीतरी कुंडी ठेवलेली. शेजारी एक मुलगा स्कूटर धूत होता, तो बाजूला झाला. वरून विमान गेलं, ते जाईपर्यंत ती थांबली.

"लाव," ती इसिडोरला म्हणाली.

"मावशी, लग्न कोणाचं?" त्यानं विचारलं.

"कोणाचं नाय. लाव."

त्यानं बटण दाबलं आणि रेकॉर्डर तिच्या तोंडापुढं धरला. तिनं तांब्या कठड्यावर ठेवला, एकदा छातीवर क्रूस केला आणि गायला लागली.

मी या लोकांच्या लग्नांत लहानपणापासून जेवलेली बाई, पण हे गाणं मी ऐकलं नव्हतं. आवाज खाली होता, मध्येच कापड फाटावं तसा फाटत होता. पण ती थांबली नाही.

बाव बाई खोल, दोर आमचा थोडा,
मावशीचा दोर माझ्या दोराला जोडा.

पुढं पुष्कळ होतं. कोणाकोणाचा दोर जोडत जायचा, आजीचा, काकीचा, शेजारणीचा, आणि शेवटी हंडा पाण्याला लागतो. शेजारणीच्या कडव्याला तिनं माझ्याकडे बघितलं. मला तिथं उभं राहवेना, तरी उभी राहिले. शेवटच्या कडव्याला तिला श्वास पुरला नाही. ती वाकली, थांबली, आणि तेवढं कडवं परत पहिल्यापासून म्हणाली, पूर्ण. मग बावीच्या कठड्यावर टेकली.

इसिडोरनं रेकॉर्डर बंद केला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

"तू तर म्हणायचीस, लग्नाशिवाय गायचं नाय," तो म्हणाला.

"नायच गायचं," मावशी म्हणाली. "माझ्या आईनं नाय गायलं, तिच्या आईनं नाय. मी गायले. ते माझं मी देवाला सांगीन." तिनं थोडा दम घेतला. "आता तुना गाणं मिळालं. त्याच्यासाठी आता कोणाशी लगीन करायला नको. मग सांग मना, ती बाई पायजे का अजून?"

मला वाटलं, झालं, आता हा विचार करायला लागणार. पण नाही.

"पायजे," तो म्हणाला. लगेच म्हणाला, माझा विचार पुरता व्हायच्या आत.

"मग मना काय सांगतस? तिला सांग."

ती उठली आणि तांब्या मला दिला. रिकामाच होता. परतताना तिनं इसिडोरचा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही. मी मागून चालत होते. आयुष्यभर जपलेला नियम त्या बाईनं एका भाच्याचं मन साफ व्हावं म्हणून मोडला होता, आणि चेहऱ्यावर तसं काही दाखवतसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी इसिडोर माझ्या दारात. नवा शर्ट, इस्त्री केलेला. एकटा जाणार नाही, म्हणाला, तू चल. मी म्हटलं, अरे साठीला आलास, मी काय शाळेत सोडायला येऊ? पण चप्पल घातली. मेट्रोनं गेलो, डी. एन. नगरला बदलली, डहाणूकरवाडीला उतरून रिक्षा केली. वाटेत तो नुसता खिडकीबाहेर बघत बसला. एरवी हाच माणूस मेट्रोच्या दरवाज्यांची रबरं कशाची असतात ते सांगत असतो.

दुकान छोटं, दोन्ही भिंतींना फ्रेमा आणि आरसे. फ्लेविया एका म्हाताऱ्या गृहस्थाचा नंबर तपासत होती, तो समोरच्या तक्त्यावरची अक्षरं चुकीची वाचत होता आणि ती न चिडता काचा बदलत होती. तिनं आम्हाला बघितलं, मान हलवली आणि त्याचं काम पुरं केलं. तो गेल्यावर काउंटरमागून बाहेर न येता तिनं मला कशी आहेस विचारलं. मग इसिडोरकडे वळली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. तिलाही हे दिवस सोपे गेले नव्हते, ते मला तेव्हा दिसलं.

इसिडोरनं रेकॉर्डर काउंटरवर ठेवला.

"मावशीनं गायलं," तो म्हणाला.

ती गोराईची, पाण्याचं गाणं कधी गातात ते तिला सांगावं लागलं नाही. तिनं पटकन विचारलं, "कोणाचं लग्न होतं?"

"कोणाचं नव्हतं. ती आपणहून गायली. बावीवर जाऊन, लुगडं नेसून."

फ्लेवियाचा हात तोंडाशी गेला. ती रेकॉर्डरकडे बघत राहिली, हात लावला नाही. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मी एक फ्रेम उचलून किंमत बघत असल्यासारखं केलं.

"साइटवर टाकलंस?" तिनं विचारलं.

"नाही. आधी तुझ्याकडे आलो." मग त्यानं घसा साफ केला. त्या माणसाला मी शाळेत निबंध वाचताना ऐकलंय, कंपनीच्या निरोपसमारंभात भाषण करताना ऐकलंय, पण असा आवाज कधी ऐकला नव्हता. "तू विचारलंस तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं, म्हणून मी गप्प बसलो. आता गाणं माझ्याकडे आहे. पूर्ण आहे. आता तुझ्याकडून मला गाण्यासाठी काही नको. तरी मी आलोय. मला तुझ्याशी लग्न करायचंय, फ्लेविया. आणि तू नाही म्हणालीस तर हे मी पुसून टाकीन असं मी म्हणणार नाही, कारण ते मावशीचं आहे. पण मी परत परत येत राहीन."

मी फ्रेम उलटी धरली होती, ते मला नंतर कळलं.

फ्लेवियानं ड्रॉवरमधून इअरफोन काढला, रेकॉर्डरला जोडला आणि कानात घातला. इसिडोरनं बटण दाबलं. ती डोळे मिटून ऐकत होती. कुठल्यातरी ओळीला तिचे ओठ हलले, बहुतेक गोराईला तिनं त्यातला एखादा तुकडा लहानपणी ऐकलेला असावा. तिच्या गालावरून पाणी आलं, हनुवटीपर्यंत गेलं. मग तिनं एकदम डोळे उघडले आणि इअरफोन काढला.

"बंद कर," ती म्हणाली.

इसिडोरचा चेहरा पडला. त्यानं बटण दाबलं, मान खाली घातली आणि रेकॉर्डर उचलायला गेला. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला आणि तो तिथंच दाबून धरला.

"बाकीचं आपल्या पाण्याच्या दिवशी ऐकीन," ती म्हणाली. "तिच्याच तोंडून. तोवर मावशीला थंड काही पिऊ देऊ नको, आवाज बसेल."